चष्मा मुलांना, ठपका मास्तरांना

फराळाचे ताट पुढे असताना भांडण उकरून काढू नये, हे मला कळते. पण ज्यांच्या बाजूने भांडायला कोणी उभे राहत नाही, त्या मास्तरांसाठी आज एवढा आगाऊपणा वाचकांनी गोड मानून घ्यावा.

'आभासी वास्तव' नावाची नवी चीज शाळांतून येऊ लागली आहे. आभास आणि वास्तव यांचे भांडण आमच्या वेदान्त्यांनी शतकानुशतके चालवले. कारखानदारांनी त्या दोघांचे लग्नच लावून टाकले! डोळ्यांवर खोक्याएवढा चष्मा चढवला, की मूल समुद्राच्या तळाशी, नाही तर चंद्रावर. चीज झकास आहे. मी स्वतः हृदयाच्या कप्प्यांतून फिरून आलो आणि परतताना भिंतीवर आदळलो. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या शेऱ्याबद्दल. चष्मे कपाटात पडून राहिले, की वरून शब्द येतो : "शिक्षकांची मानसिकताच नाही!" मग ती बदलण्यासाठी एक दिवसाचे प्रशिक्षण, चहा, सही आणि छायाचित्र.

माझ्या माहितीच्या एका शाळेत चष्मे ५, मुले ५२ आणि तास ३५ मिनिटांचा. म्हणजे पाळ्या ११ आणि दर पाळीला मिनिटे ३. पट्टे आवळणे-सोडवणे त्यातच. तोवर उरलेली ४७ मुले काय करतात, हे ज्याला सांगावे लागते त्याने वर्ग पाहिलेलाच नाही.

तिथल्या बाईंना मी विचारले, "बाई, यंत्राची भीती वाटते का?"

त्या हसल्या. "भीती कसली? घरचे विजेचे बिल फोनवरून मीच भरते. पण शिकवताना मला मुलांचे डोळे दिसावे लागतात. कुणाला कळले, कुणाला नाही, ते तिथेच समजते. ते झाकले, की आंधळी होते ती मी."

याला मानसिकता म्हणायचे की अनुभव?

आणि हा अनुभव जुना आहे. आता पुस्तके जाणार, चित्रपटच मुलांना शिकवणार, असे भाकीत एडिसनने १९१३ साली केले होते. पुस्तके काही गेली नाहीत. १९७५-७६ साली उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे पाठ पोचले. प्रयोग उत्तम, पण उपग्रह अमेरिकेकडून उसना घेतलेला. वर्ष संपले, तो परत गेला. गूगलने २०१५ साली पुठ्ठ्याच्या चष्म्यातून शाळांना जगाची सफर घडवली आणि २०२१ साली ती योजना गुंडाळली. दर वेळी वर्गात मागे उरले ते मास्तरच. बरे, मेटा कंपनी आपला चष्मा १३ वर्षांखालील मुलांसाठी नाही, असे सांगत होती. २०२३ साली तिने ही मर्यादा १० वर आणली. मुलांचे डोळे तेच. बदलला तो नियम! मग तिसरीच्या बाई कचरल्या, तर मागासलेल्या कशा?

सारेच मास्तर धुतल्या तांदळासारखे आहेत, असे मी म्हणत नाही. न पाहताच नाक मुरडणारे आहेत. त्यांचे कान जरूर उपटावेत. पण मास्तर नव्याचा वैरी, हा आरोप खोटा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला पाने, खडे, शंख-शिंपले यांचे शैक्षणिक साहित्य केले; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. त्यासाठी कुणी त्यांची मानसिकता बदलायला आले नव्हते. वर्गात काय हवे, ते त्यांनी स्वतः ठरवले होते.

मागणे एवढेच : खरेदीनंतर मास्तरांना शिकवण्यापेक्षा खरेदीपूर्वी त्यांना विचारा. आणि पालकहो, शाळेच्या माहितीपत्रकावर चष्मेवाल्या मुलांचे चित्र पाहून भुलू नका. चष्मा उतरल्यावर मुलाशी बोलायला बाईंना किती वेळ ठेवला आहे, ते विचारा. डोळे चोळत, "बाई, मी काय पाहिले सांगू?" म्हणत मूल धावत येते, धडा तिथे सुरू होतो. त्या वेळी बाई पुढच्या पाचांचे पट्टे आवळत असल्या, तर तो बुडाला म्हणून समजा.