निफ्टीची साप्ताहिक बाजी आणि गावाकडचा पैसा

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे नगद नारायणाचे स्थान. ‘धाकटी पंढरी’ म्हणून मराठवाड्यात त्याची ख्याती आहे. बोलीभाषेत मात्र ‘नगद नारायण’ म्हणजे हातात पडलेली रोख रक्कम. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, मनोज जरांगे यांच्या मेळाव्यासाठी या गडावर प्रचंड जनसमुदाय लोटला होता. शिक्षणातील आणि नोकरीतील आरक्षण हा त्या गर्दीचा विषय होता. शेतीत भागत नाही आणि नोकरी मिळत नाही, ही तिच्यामागची व्यथा होती. त्याच्या तीनच आठवडे आधी, २३ सप्टेंबरला, मुंबईत ‘सेबी’ने एक अहवाल प्रसिद्ध केला होता. शेअर बाजाराच्या निर्देशांकावर व समभागांवर वायदे आणि ऑप्शन खेळणाऱ्या किरकोळ व्यक्तींचे काय होते, याचा तो हिशेब होता. गड आणि दलाल स्ट्रीट यांचा वरवर पाहता काही संबंध नाही. अहवालातील आकडे मात्र हा संबंध जोडतात.

२०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत अशा १ कोटी १३ लाख व्यक्तींनी मिळून १ लाख ८१ हजार कोटी रुपये गमावले. शंभरातील ९३ जण तोट्यात गेले आणि खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा कमावणारा जेमतेम एक निघाला. २०२३-२४ मध्ये या व्यवहारांत उतरलेल्यांपैकी ४३ टक्के जण तिशीच्या आतले होते; आदल्या वर्षी हे प्रमाण ३१ टक्के होते. तीनचतुर्थांशांहून अधिक जणांचे घोषित वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी होते. आणि ७२ टक्क्यांहून अधिक जण देशातील पहिल्या तीस शहरांबाहेरचे होते. बीड, परळी, अंबाजोगाई ही गावे याच वर्गात मोडतात. अहमदनगर-बीड लोहमार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि बीडच्या स्थानकातून पहिली प्रवासी गाडी सुटायला सप्टेंबर २०२५ उजाडले. ऑप्शनचा पडदा मात्र मोबाइलवरून त्याच्या कितीतरी आधी येऊन पोहोचला होता.

मुळात निर्देशांक ही मोजपट्टी आहे. मुंबई शेअर बाजाराचा ‘सेन्सेक्स’ १ जानेवारी १९८६ रोजी सुरू झाला. त्यात ३० कंपन्या, पायाभूत वर्ष १९७८-७९ आणि पायाभूत अंक १००. राष्ट्रीय शेअर बाजाराचा ‘निफ्टी’ एप्रिल १९९६ मध्ये आला. त्यात ५० कंपन्या असून ३ नोव्हेंबर १९९५ ची पातळी १,००० धरलेली आहे. प्रत्येक कंपनीचे वजन तिच्या बाजारात खुल्या असलेल्या समभागांच्या मूल्यावर ठरते. त्यामुळे पन्नास कंपन्यांचा निर्देशांक म्हटला तरी एचडीएफसी बँक, रिलायन्स आणि आयसीआयसीआय बँक या तिघांनीच अलीकडच्या वर्षांत त्याचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भार पेललेला आहे. ‘आज बाजार वर गेला’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की हे दोन-तीन समभाग वर गेले.

या मोजपट्टीचा एक गुण असा, की ती वर्षातून दोनदा स्वतःला दुरुस्त करते. मागे पडलेली कंपनी बाहेर जाते, वाढलेली आत येते. जानेवारी २००९ मध्ये ‘सत्यम’चा गैरव्यवहार उघड झाला, तेव्हा काही दिवसांतच तिला निफ्टीतून वगळण्यात आले. १,००० वरून निघालेला निफ्टी सप्टेंबर २०२४ मध्ये २६,००० च्या पुढे गेला. लाभांश न धरताही ही वाढ वर्षाला सुमारे १२ टक्के पडते. मधल्या काळात २००८ मध्ये तो शिखरावरून निम्म्याहून खाली आला होता आणि मार्च २०२० मध्ये अवघ्या दोन महिन्यांत सुमारे ४० टक्के कोसळला होता. तरीही इंडेक्स फंडात दरमहा थोडी रक्कम टाकून जो दहा-पंधरा वर्षे थांबला, त्याला या पडझडीने फारसे बुडवले नाही. या मार्गात थरार नाही आणि त्याची जाहिरातही जेवढ्यास तेवढीच होते.

जून २००० मध्ये भारतात निर्देशांकाचे वायदे सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ऑप्शन आले. यामागचा मूळ हेतू विमा उतरवण्याचा होता. ज्याच्याजवळ समभागांचा मोठा साठा आहे, त्याने बाजार पडण्याच्या भीतीपोटी थोडा हप्ता भरून नुकसानीला मर्यादा घालावी, हा तो हेतू. फेब्रुवारी २०१९ मध्ये निफ्टीचे ऑप्शन दर आठवड्याला संपू लागले आणि विम्याची पावती हळूहळू लॉटरीच्या तिकिटासारखी विकली जाऊ लागली.

हे तिकीट कसे चालते, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. निफ्टी २५,००० वर आहे असे धरू. तो वर जाईल या अंदाजाने एखाद्याने २५,१०० चा ‘कॉल’ ४० रुपये प्रीमियम देऊन घेतला. जानेवारी २०२६ पासून एका लॉटमध्ये ६५ नग येतात. म्हणजे खर्च २,६०० रुपये. मुदतीच्या मंगळवारी निफ्टी २५,०९० वर बंद झाला, तर अंदाज खरा ठरला, निर्देशांक ९० अंकांनी वाढला आणि तरीही २,६०० रुपये पूर्णपणे गेले. मूळ रक्कम सुटायची असेल, तर निफ्टी २५,१४० च्या वर जायला हवा. त्यावर कर आणि दलाली वेगळी. दिशा बरोबर असणे पुरेसे नाही. वाढ पुरेशी मोठी हवी आणि ती ठरलेल्या दिवसाच्या आत व्हायला हवी. बाजार स्तब्ध राहिला तरी प्रीमियम रोज झिजत राहतो. कापसाच्या भावाचा अंदाज बांधताना शेतकरी एकदा चुकतो. येथे त्याला तीन अंदाज एकाच वेळी बरोबर यावे लागतात.

हा प्रीमियम जातो कोठे? वायदे-ऑप्शनच्या व्यवहारांत नवी संपत्ती तयार होत नाही. एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा. ‘सेबी’च्याच अहवालानुसार २०२३-२४ मध्ये खर्च वजा करण्यापूर्वी दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांना सुमारे ३३ हजार कोटींचा आणि विदेशी गुंतवणूकदार संस्थांना सुमारे २८ हजार कोटींचा नफा झाला. वैयक्तिक आणि इतर गुंतवणूकदारांचा तोटा होता ६१ हजार कोटींहून अधिक. या संस्थांच्या नफ्यातील ९६ ते ९७ टक्के वाटा संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांचा होता. मोबाइलवर बोट ठेवून बसलेल्या तरुणाचा सामना या यंत्रांशी असतो, हे त्याला सांगण्याची तसदी कोणी घेत नाही. शिवाय तीन वर्षांत या व्यक्तींनी दलाली, कर आणि शुल्कापोटी सुमारे ५० हजार कोटी रुपये मोजले. जिंको वा हरो, नाल मालकाची.

३ जुलै २०२५ रोजी ‘सेबी’ने ‘जेन स्ट्रीट’ या अमेरिकी कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला. सकाळी बँक निफ्टीतील समभाग मोठ्या प्रमाणावर घेऊन निर्देशांक वर न्यायचा, ऑप्शनमध्ये उलट बाजू धरायची आणि नंतर समभाग विकून टाकायचे, असा ठपका त्यात आहे. ४,८४३ कोटी ५७ लाख रुपये गोठवण्याचा हा आदेश कंपनीला मान्य नाही. तिने आरोप नाकारून अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. आरोपांचा निकाल काहीही लागो, मुदतीच्या दिवशी निर्देशांक हलवण्याइतका पैसा कोणाजवळ असतो आणि कोणाजवळ नसतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

मराठी वाचकाला अधिक जवळचे प्रकरण डिसेंबर २०२५ मधील आहे. कर्जत येथील अवधूत साठे ट्रेडिंग अकादमीविरुद्ध ‘सेबी’ने अंतरिम आदेश देऊन सुमारे ५४६ कोटी रुपये ताब्यात घेण्यास सांगितले. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणीविना गुंतवणूक सल्ला दिल्याचा हा आरोप असून त्यालाही आव्हान देण्यात आले आहे. नोकरी नसलेल्या घरात ‘वर्ग लाव, शिकून घे’ हा सल्ला सहज पटतो. वर्गाची फी मात्र शिकणारा हरला तरी परत येत नाही.

‘सेबी’ने हातपाय हलवले नाहीत असे नाही. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने कराराचे किमान मूल्य १५ लाखांवर नेले आणि प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक मुदत ठेवता येईल असे ठरले. छोट्यांनी दूर राहावे, हा त्यामागचा उद्देश. परिणाम असा, की २०२४-२५ मध्येही ९१ टक्के व्यक्ती तोट्यातच राहिल्या आणि एकूण तोटा आदल्या वर्षीच्या ७४,८१२ कोटींवरून १,०५,६०३ कोटींवर गेला. लॉट मोठा केल्याने खेळणे थांबले नाही. जे खेळत राहिले त्यांचे हरणे महाग झाले. साप्ताहिक मुदतच बंद करावी, ही सूचना अनेकदा चर्चेला आली. पण बाजार चालवणाऱ्यांचे उत्पन्न तीवर अवलंबून असल्याने तिला विरोधही तेवढाच आहे.

मराठवाड्यासाठी या सगळ्यात एक क्रूर विसंगती आहे. येथील शेतकऱ्याला भावाच्या घसरणीपासून खरोखर संरक्षण हवे आहे, ते सोयाबीनसाठी. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारातील दर त्याखाली होते. पेरणीच्या वेळी काढणीचा भाव निदान अंशतः पक्का करता यावा, यासाठीच वायदेबाजार असतो. परंतु डिसेंबर २०२१ मध्ये महागाईचे कारण देऊन सोयाबीनसह काही शेतमालांच्या वायद्यांना स्थगिती देण्यात आली आणि ती पुनःपुन्हा वाढवण्यात आली. लहान शेतकरी स्वतः वायदेबाजारात क्वचितच उतरत होता, हे खरे; पण शेतकरी उत्पादक कंपन्या त्या वाटेने जाऊ लागल्या होत्या आणि वायद्याच्या दरावरून गावातल्या व्यापाऱ्याशी घासाघीस तरी करता येत होती. शेतकऱ्याच्या मुलाला निफ्टीच्या चढउतारावर दर मंगळवारी २,६०० रुपये लावण्याची मुभा आहे. त्याच्या बापाच्या सोयाबीनचा वायदा मात्र डिसेंबर २०२१ मध्ये सट्टा ठरला.