हिरड्याची पारख कोणीं करावी?

आमच्या जिल्ह्यास 2024 सालापासून अहिल्यानगर हें नांव प्राप्त झालें आहे. त्याच्या पश्चिम टोंकास, अकोले तालुक्यांत, सह्याद्रीच्या रांगा आहेत. कळसूबाईचें 1646 मीटर उंचीचें शिखर, हरिश्चंद्रगड व भंडारदऱ्याचें धरण यांमुळें हा प्रदेश पुष्कळांस सहलीच्या निमित्तानें ठाऊक असतो. परंतु त्याच रानांत हिरड्याचीं झाडें आहेत, आणि उन्हाळ्यांत त्यांचीं कोंवळीं फळें काढून, उन्हांत वाळवून, बाळहिरडा म्हणून विकणारीं महादेव कोळी व ठाकर कुटुंबें आहेत, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. त्या काळ्या, सुरकुतलेल्या फळाविषयीं व त्याची पारख करूं शकेल अशा एका सूक्ष्म जंतूविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हिरड्याचें मोल त्याच्या तुरटपणांत आहे. आंवळा, जांभूळ, बाभळीची साल, डाळिंबाची साल यांचा तुरटपणाही त्याच जातीचा. ज्या द्रव्यांमुळें हा रस उत्पन्न होतो, त्यांस रसायनशास्त्रांत फिनॉल वर्गांतील द्रव्यें म्हणतात. झाडास पळतां येत नाहीं व हात उगारतांही येत नाहीं. म्हणून कीड, बुरशी व चरणारीं जनावरें यांपासून आपलें रक्षण व्हावें यासाठीं तें अशीं द्रव्यें अंगीं सांठवितें. हळदीचा पिवळा रंग, कांद्यांतील क्वेर्सेटिन, चिरून ठेवलेल्या वांग्यास चढणारा काळेपणा, हीं सर्व ह्याच कुळाचीं लक्षणें होत. हिरड्यांत ह्या कुळांतील टॅनिन विपुल असून गॅलिक आम्लही असतें. त्यासाठींच कातडें कमावणारांनीं व रंगाऱ्यांनीं हिरडा पिढ्यान्‌पिढ्या वापरला, आणि वैद्यांनीं त्यास त्रिफळ्यांत स्थान दिलें.

आतां व्यवहार पाहूं. रानांत राबून आणलेला हा माल विकतेवेळीं त्याची पारख बहुधा नजरेनें होते. फळ काळें आहे कीं करडें, लहान आहे कीं मोठें, वाळलें आहे कीं ओलसर, एवढें पाहून घेणारा भाव सांगतो व देणारा तो ऐकतो. 2006 सालच्या वनहक्क कायद्यानें रानांतील गौण उपजावर तेथील रहिवाशांची मालकी मान्य केली. 2013-14 पासून केंद्र सरकारनें ज्या वनोपजांस किमान आधारभूत किंमत लागू केली, त्यांत हिरडाही आहे. ह्या दोन्ही गोष्टी स्तुत्य आहेत. परंतु किंमतीचा तळ ठरला म्हणून गुणाचें माप ठरलें असें होत नाहीं. ज्याच्या हातीं माप, त्याच्याच हातीं भाव, हा बाजाराचा जुना न्याय आहे. तेव्हां तें माप वेंचणाराच्याही हातीं आलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

असें माप आज नाहींच काय? एक आहे, तें शाळेंतही करून पाहतां येतें. हिरड्याच्या काढ्यांत हिराकशीचें पाणी घातलें असतां काढा निळसर काळा होतो. जुन्या काळीं शाई करण्याची हीच रीत होती. पण ह्या परीक्षेंत तुरट द्रव्य आहे एवढेंच कळतें. तें कोणतें व नेमकें किती, हें कळत नाहीं. उलट मोठ्या प्रयोगशाळांतील यंत्रें एकेक द्रव्य निराळें करून त्याचें प्रमाण अचूक सांगतात. मात्र तीं लाखों रुपयांचीं असतात व शहरांत असतात. शाईची बाटली आणि लाखांचें यंत्र यांच्या मधली जागा मोकळी आहे. ती जागा भरून काढण्यास आम्हांस जीवाणू योग्य दिसतो.

हें ऐकून कोणास नवल वाटेल. परंतु वनस्पतींचीं हीं द्रव्यें ओळखणें हा मातींतील जीवाणूंचा परंपरागत धंदाच आहे. हरभऱ्याचें रोप उपटून पाहिलें तर मुळांवर गांठी दिसतात. अशा झाडांच्या मुळांतून फिनॉल कुळांतील द्रव्यें मातींत झिरपतात, तीं ओळखून जीवाणू मुळांपाशीं येतात व गांठी करून हवेंतील नत्र झाडास पुरवितात. ह्याच्या उलट वृत्तीचाही एक जीवाणू आहे. झाडास जखम झाली म्हणजे तींतून ॲसिटोसिरिंगोन नांवाचें द्रव्य पाझरतें, व त्या खुणेवरून ॲग्रोबॅक्टेरियम नांवाचा जीवाणू झाडावर चाल करून जातो. ही खूण शास्त्रज्ञांनीं 1985 सालीं तंबाखूच्या रोपांत शोधून काढली. मित्र असो वा शत्रु, झाडाची भाषा दोघांसही समजते.

ह्या समजुतीचा उपयोग करून घेण्याची युक्ति पुढीलप्रमाणें आहे. स्यूडोमोनस प्युटिडा ह्या जीवाणूंत टीटीजीआर नांवाचें एक प्रथिन असतें. देवडीवरील पहारेकऱ्याप्रमाणें तें कांहीं जनुकांचा दरवाजा अडवून बसतें. पेशींत नारिंजेनिन किंवा क्वेर्सेटिन यांसारखें वनस्पतिद्रव्य शिरलें, कीं तें ह्या प्रथिनास बिलगतें. मग पहारेकरी जागा सोडतो, दरवाजा उघडतो, आणि नकोसें द्रव्य बाहेर फेंकणारे पंप तयार होऊं लागतात. शास्त्रज्ञांनीं त्याच दरवाजाआड पंपांऐवजीं दुसरें एक जनुक बसविलें. तें जनुक एका जेलीफिशचें असून त्यापासून हिरवें चमकणारें प्रथिन तयार होतें. हें प्रथिन 1962 सालीं प्रथम वेगळें करण्यांत आलें, आणि त्याच्या शोधाबद्दल व उपयोगाबद्दल तिघां शास्त्रज्ञांस 2008 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आतां वनस्पतिद्रव्य आलें कीं दरवाजा उघडतो व जीवाणू चमकूं लागतो. ठराविक मर्यादेपर्यंत द्रव्य जितकें अधिक, तितकी चमक अधिक. ह्यासच जैवसंवेदक म्हणतात. पहारेकऱ्याच्या घडणींत एखादा दुवा बदलला, तर तो एका द्रव्यास अधिक ओळखतो व दुसऱ्यास कमी. हेंच ह्या विद्येचें खरें कौशल्य होय.

ही कल्पना अगदीं कालची नव्हे. कपड्यांत ठेवावयाच्या डांबरगोळींतील नॅफ्थलीन ओळखून प्रकाश देणारा जीवाणू अमेरिकेंतील टेनेसी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं 1990 सालींच तयार केला होता. ही विद्या परदेशापुरतीच आहे असेंही नाहीं. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत प्राध्यापिका रुची आनंद व त्यांचे सहकारी यांनीं ॲसिनेटोबॅक्टर जीवाणूंतील मोपआर ह्या प्रथिनाची रचना उलगडली, त्यांत विचारपूर्वक फेरफार केले, आणि पाण्यांतील फिनॉल वर्गांतील दूषित द्रव्यें ओळखणारे संवेदक घडविले. हें काम 2017 सालीं प्रसिद्ध झालें. दूषित पाण्यासाठीं जें साधलें, तें रानच्या फळासाठीं कां साधूं नये? स्यूडोमोनस प्युटिडांतच गॅलिक आम्लाची वर्दी घेणारें गॅलआर नांवाचें प्रथिन आहे. हिरड्याच्या संवेदकाचा आरंभ तेथून करतां येईल, असें आम्हांस वाटतें.

ह्यावर आक्षेप येतील, व ते विचारांत घेतलेच पाहिजेत. पहिला असा, कीं टॅनिन हें प्रथिनांस घट्ट बिलगणारें व जंतूंस मारक द्रव्य आहे. दाट काढा ओतला तर साक्षीदारच मरावयाचा. म्हणून काढा पुष्कळ पातळ करावा लागेल, आणि टॅनिनचे मोठे रेणू आधीं फोडून त्यांपासून गॅलिक आम्ल मोकळें करावें लागेल. दुसरा असा, कीं एकाच कुळांतील सारख्या चेहऱ्याच्या द्रव्यांत जीवाणूची गल्लत होऊं शकते. म्हणून ज्याचें प्रमाण आधीं ठाऊक आहे असा नमुना प्रत्येक वेळीं शेजारीं ठेवून तुलना केली पाहिजे. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जनुकें बदललेला जीव रानांत मोकळा सोडावा काय? आमचें उत्तर नाहीं असेंच आहे. ह्याविषयीं आपल्या देशांत 1989 सालचे नियम आहेत व ते कसोशीनें पाळलेच पाहिजेत. परंतु पारखीसाठीं जीवाणू रानांत नेण्याचें कारणच नाहीं. त्याचें काम बंद कुपींत चालावें, आणि काम झालें कीं कुपी उकळून निर्जंतुक करावी. मोपआरच्या प्रयोगांत तर जीवाणूही लागत नाहीं. त्याचें प्रथिन तेवढें काढून घेतात व पेशीबाहेर वापरतात. ही वाट आम्हांस अधिक पसंत आहे.

तेव्हां आमची सूचना साधी आहे. राहुरीचें महात्मा फुले कृषी विद्यापीठ आमच्याच जिल्ह्यांत आहे. मुंबई-पुण्याच्या संस्थाही फारशा दूर नाहींत. अशा संस्थांनीं महागड्या औषधी द्रव्यांबरोबर आमच्या रानच्या हिरड्याकडेही आपली विद्या वळवावी, आणि तयार होणारी कुपी प्रथम ग्रामसभेच्या व महिलांच्या बचत गटांच्या हातीं द्यावी. खेड्यांतील माणसांस हें झेपणार नाहीं, असें कोणीं म्हणूं नये. अकोले तालुक्यांतल्याच कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांस शाळेचा लाभ झाला नाहीं. तरी देशी बियाण्यांची पारख व जतन ह्या कार्याबद्दल त्यांस 2020 सालीं पद्मश्री जाहीर झाली. पारख करण्याची बुद्धि रानांत पूर्वींपासूनच आहे. उणीव आहे ती तिचा शब्द बाजारांत मानला जाईल अशा मापाची.

आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस आम्ही एवढेंच सांगूं, कीं जीवशास्त्राचा धडा केवळ परीक्षेपुरता वाचूं नका. जंतु म्हटला कीं रोगच आठवावा, ही समजूत टाकून द्या. आणि पालकांस विनंति अशी, कीं मुलामुलींनीं हिराकशीच्या पाण्यानें घरांतलीं भांडीं काळीं केलीं तर फार रागावूं नये. त्यांतलाच एखादा उद्यां अकोल्याच्या बाजारांत वेंचणाऱ्या बाईच्या हातीं अशी कुपी देईल, आणि घेणारानें भाव सांगण्यापूर्वीं आपल्या मालाचा गुण तीच त्यास सांगेल.