विश्लेषण : रॅम महागली, आता ब्राउझरची भूक आवरायची कशी?

लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो, माउसचा बाण अडखळत सरकतो आणि टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटायला दोन सेकंद लागतात. टास्क मॅनेजर उघडला की आरोपी ठरलेलाच असतो : ब्राउझर. व्हॉट्सॲप वेब, ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेले यूट्यूबचे दोन-तीन व्हिडीओ, फेसबुक, इन्स्टाग्राम, ऑफिसचा मेल आणि गेल्या आठवड्यात उघडलेली फ्रीजच्या किमतींची चार पानं. एवढं सगळं मिळून ८ जीबी रॅममधला मोठा वाटा सहज फस्त करतं.

आजवर यावर एक सरळ उपाय होता. दुकानात जायचं आणि रॅम वाढवून घ्यायची. २०२५च्या उत्तरार्धापासून तो उपाय खिशाला जड झालाय. रॅमच्या अनेक संचांच्या किमती काही महिन्यांतच दुप्पट-तिप्पट झाल्या.

रॅम अचानक का महागली?

याचं मूळ एआयच्या डेटा सेंटरमध्ये आहे. जगातल्या बहुतेक रॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयसाठीच्या प्रोसेसरना ‘एचबीएम’ नावाची वेगळ्या धाटणीची मेमरी लागते आणि तिच्यात नफा जास्त आहे. पण तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवायला साध्या रॅमच्या साधारण तिप्पट सिलिकॉन वेफर खर्ची पडतात. त्यामुळे कारखाने तिकडे वळले आणि घरगुती कॉम्प्युटरच्या वाट्याला टंचाई आली. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा ब्रँडच गुंडाळण्याची घोषणा केली.

त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि अनेक जुनी मशिन विंडोज ११वर गेली. विंडोज ११साठी किमान ४ जीबी रॅम पुरते, असं कागदोपत्री लिहिलेलं आहे. तेवढ्या रॅमवर ब्राउझरचे दहा टॅब उघडून काम करून दाखवणाऱ्याच्या संयमाला मात्र दाद द्यावी लागेल.

ब्राउझरला इतकी रॅम लागते तरी कशाला?

सोशल मीडियावर याचं उत्तर ‘क्रोम फालतू आहे’ अशा तीन शब्दांत मिळतं. खरं उत्तर थोडं लांब आहे.

पूर्वी ब्राउझर म्हणजे एकत्र कुटुंब होतं. सगळी पानं एकाच प्रोसेसमध्ये चालायची, म्हणजे चूल एकच. खर्च कमी, पण एखादं पान बिघडलं की अख्खा ब्राउझर कोसळायचा आणि अर्धवट लिहिलेला मेलही त्याच्यासोबत जायचा. सप्टेंबर २००८मध्ये आलेल्या क्रोमने टॅबना वेगळ्या चुली मांडून दिल्या. एक टॅब कोलमडला तरी बाकीचे चालू राहतात. पण वेगळं बिऱ्हाड म्हटलं की भांडीकुंडीही वेगळी आली. जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन, फॉन्ट, चित्रं असं बरंचसं सामान प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्रपणे बाळगावं लागतं.

जानेवारी २०१८मध्ये ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्या. एका प्रोसेसमध्ये दोन वेबसाइट एकत्र नांदत असतील, तर स्पेक्टरचा फायदा घेऊन एक साइट दुसरीच्या मेमरीत डोकावू शकते, हे त्यातून स्पष्ट झालं. एका टॅबमध्ये बँक आणि दुसऱ्यात फुकट सिनेमे दाखवणारी संशयास्पद साइट, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की धोक्याची कल्पना येते. त्याच वर्षी क्रोमच्या ६७व्या आवृत्तीपासून कॉम्प्युटरवर ‘साइट आयसोलेशन’ सुरू झालं. प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस. एका पानात दुसऱ्या साइटची चौकट असेल, तर तिलाही स्वतंत्र. यामुळे मेमरीचा वापर साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढेल, हे गुगलने तेव्हाच सांगितलं होतं. फायरफॉक्सनेही २०२१च्या अखेरीस हाच मार्ग धरला.

म्हणजे या रॅमचा एक भाग सुरक्षेची किंमत आहे. ‘ब्राउझर फास्ट करा’ छापाच्या काही सल्ल्यांमध्ये हेच साइट आयसोलेशन बंद करायला सांगितलेलं असतं. दहा टक्के रॅम वाचवण्यासाठी दाराची कडी काढून ठेवण्यातला हा प्रकार आहे. ज्या मशिनवर नेट बँकिंग होतं, तिथे तर तो करूच नये.

एक्स्टेंशनने रॅम वाचते का?

वाचू शकते, पण ‘द ग्रेट सस्पेंडर’ची गोष्ट आधी माहीत हवी. वापरात नसलेले टॅब गोठवून रॅम मोकळी करणारं हे क्रोमचं एक्स्टेंशन होतं. काम चोख, फुकट, आणि वापरकर्ते २० लाखांच्या आसपास. २०२०मध्ये मूळ निर्मात्याने ते एका अनोळखी मालकाला विकलं. पुढे त्यात न सांगता केलेले बदल जाणकारांच्या लक्षात आले आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गुगलने ‘यात मालवेअर आहे’ असं सांगून ते थेट बंद केलं. झोपवलेले टॅब परत कसे मिळवायचे, हे शोधत असंख्य लोक त्या दिवशी बसले होते. अशा एक्स्टेंशनना सगळ्या टॅबचे पत्ते दिसतात, आणि अनेकदा पानांमधला मजकूरही. मालक बदलला तरी आपण दिलेली परवानगी तशीच राहते.

आज अशा एक्स्टेंशनची गरजही उरलेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये २०२१पासून ‘स्लीपिंग टॅब्स’ आहे. क्रोमने डिसेंबर २०२२मध्ये ‘मेमरी सेव्हर’ जाहीर केलं. त्याने मेमरीचा वापर ३० टक्क्यांपर्यंत कमी होतो, असा गुगलचा दावा आहे. क्रोमच्या सेटिंग्समध्ये ‘परफॉर्मन्स’ या विभागात ते सापडतं. ते चालू केल्यावर बराच वेळ न पाहिलेला टॅब पट्टीवर दिसत राहतो, पण रॅममधून उतरतो आणि क्लिक केलं की पुन्हा लोड होतो. गाणं वाजत असलेला, व्हिडीओ कॉल चालू असलेला किंवा अर्धवट फॉर्म भरलेला टॅब सहसा झोपवला जात नाही. तरीही प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा लांबलचक फॉर्म भरताना निव्वळ त्या भरवशावर राहू नये. तिथेच अपवादांची यादीही असते. व्हॉट्सॲप वेबचे मेसेज वेळेवर हवे असतील, तर ती साइट त्यात टाकावी.

फायरफॉक्स विंडोजवर मेमरी संपत आली की जुने टॅब आपणहून उतरवतो. ही सोय ऑक्टोबर २०२१पासून आहे.

नेमका दोषी कोण, हे कसं कळणार?

विंडोजचा टास्क मॅनेजर एकूण आकडा दाखवतो, पण टॅबनिहाय हिशोब नीट लागत नाही. त्यासाठी क्रोमच्या खिडकीत शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबावीत. प्रत्येक टॅब आणि एक्स्टेंशन किती मेमरी घेतं, हे सांगणारी यादी समोर येते. ‘मेमरी’ या शीर्षकावर क्लिक केलं की सर्वांत खादाड वर येतो. अनेकदा तो यूट्यूब नसतो. दिवसभर उघडं राहून आपोआप लांबत गेलेलं फेसबुकचं फीड किंवा जाहिरातींनी गच्च भरलेलं एखादं बातम्यांचं पान निघतं. दोन वर्षांपूर्वी कूपनसाठी टाकलेलं आणि नंतर कधीच न वापरलेलं एक्स्टेंशनही इथे पकडलं जातं.

मित्राच्या लॅपटॉपशी तुलना मात्र करू नये. रॅम जास्त असेल तर क्रोम जास्त प्रोसेस उघडतो, कमी असेल तर एकाच साइटचे टॅब एका प्रोसेसमध्ये दाटीवाटीने बसवतो. १६ जीबीच्या मशिनवर मोठा आकडा दिसला म्हणून तिथे काही बिघडलंय असं नाही. रिकामी रॅम तशी कोणाच्याच कामाची नसते. अडचण सुरू होते ती रॅम भरून कॉम्प्युटर डिस्कचा आधार घ्यायला लागतो तेव्हा, कारण डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असते.

ब्राउझर बदलून फरक पडतो का?

थोडाफार. एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी हे सगळे क्रोमच्याच क्रोमियम या पायावर उभे आहेत. फरक असतो तो टॅब झोपवण्याच्या पद्धतीत आणि जाहिराती अडवण्यात. जाहिराती अडवणारं साधन स्वतः थोडी रॅम घेतं, पण जाहिरातींनी लादलेल्या पानांवर त्याहून जास्त वाचवतं.

‘ब्राउझरऐवजी ॲप वापरा’ हा सल्लाही आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. २०२५च्या अखेरीस व्हॉट्सॲपने विंडोजसाठीचं हलकं ॲप काढून त्याजागी वेब आवृत्तीच एका खिडकीत बसवून दिली. आतून ते एजचंच इंजिन चालवतं. स्लॅक, डिस्कॉर्ड आणि टीम्सची गतही तीच. एखाद्याने क्रोम बंद करून ही चार ॲप उघडली, तर प्रत्यक्षात त्याने चार छोटे ब्राउझर उघडलेले असतात, आणि क्रोमचं मेमरी सेव्हर त्यांच्यापर्यंत पोचत नाही.