सोपा मार्ग म्हणणाऱ्यांना

“पोट कापून घ्यायची कामून गरज पडली बाई? तोंड आवरलं असतं तर?” संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हातात वाण देता देता एका मावशींनी मला हे विचारलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. भोकरसारख्या तालुक्याच्या गावी माणसं तोंडावर विचारतात, आणि पाठीमागे बोलण्यापेक्षा ते मला बरं वाटतं. पण माझं वजनाचं ऑपरेशन झाल्यापासून चार वर्षांत हाच प्रश्न शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या रांगेत इतक्या वेळा आला की आता त्याचं उत्तर एकदाच आणि नीट द्यायचं ठरवलं आहे. लठ्ठपणा हा खादाडपणाचा दंड आणि ऑपरेशन ही त्या दंडातून काढलेली पळवाट, अशी समजूत या प्रश्नाच्या पोटात आहे. ती चुकीची आहे, आणि माणसांना दवाखान्यापासून लांब ठेवते म्हणून घातकही आहे.

तोंड आवरलं नाही, हे मुळात खरं नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून मी तोंडच आवरत आले. भात सोडला, साखर सोडली, उपास धरले. धाकट्याच्या जन्मानंतर तीन महिने ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी यांवर काढले. तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची आहारपद्धती 2018 च्या सुमारास मराठवाड्यात घरोघरी पोचली, तशी आमच्याकडेही आली. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरकायचं, मध्ये काही खायचं नाही. माझ्या थोरल्या दिरांना तिचा चांगला गुण आला. मलाही आठ महिन्यांत 11 किलो उतरले. पुढच्या दीड वर्षात 16 चढले. यात मी त्या पद्धतीला दोष देत नाही, आणि आता स्वतःलाही देत नाही. माझा आजार तेवढ्याने आवरण्याच्या पलीकडे गेला होता.

हे माझ्या मनाचं समाधान नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पन्नास लठ्ठ माणसांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं आणि वर्षभराने पुन्हा तपासलं. 2011 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आहार संपून वर्ष होऊनही भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक त्यांच्या रक्तात वाढलेलंच होतं, पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं घटलेलीच होती. शरीराला पथ्य आणि दुष्काळ यांतला फरक कळत नाही. माझ्या सासूबाई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात. आजही घरात ज्वारीचं पोतं भरलेलं नसलं की त्यांना रात्री झोप लागत नाही. त्यांना कुणी अधाशी म्हणत नाही, कारण त्यांनी काय भोगलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. उपाशी ठेवलेलं शरीर तसंच वागतं. आणि ज्यांना परदेशी अभ्यास नको, त्यांनी चरकसंहिता बघावी. अतिस्थौल्याच्या कारणांमध्ये तिथे आहारविहाराबरोबर बीजस्वभावही सांगितला आहे, म्हणजे आईबापांकडून आलेला भाग. आपल्या वैद्यांना जे दिसलं ते आपल्या मावशाकाकूंना का दिसू नये?

आमच्या घरच्या काट्यावर आकडे 120 पर्यंतच होते. काटा टोकाला जाऊन थांबायचा. ऑपरेशनबद्दल विचारायला हैदराबादच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी नेमकं वजन विचारलं, तेव्हा नवरा मला संध्याकाळी मोंढ्यात घेऊन गेला, ओळखीच्या आडतीवर. ज्या लोखंडी पत्र्यावर सोयाबीनची पोती चढतात त्यावर मी चप्पल काढून उभी राहिले. पायाला दाणे टोचत होते. दोन हमाल होते, ते मुद्दाम पाठ करून सुतळी गुंडाळत बसले. तो त्यांचा सज्जनपणा मी विसरणार नाही. आकडा आला 126. उंची 157 सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय 51. रात्री झोपेत श्वास अडकायचा, नवरा हलवून उठवायचा. दुपारी चौथीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभ्या उभ्या माझा डोळा लागत होता.

आता “सोपा मार्ग” कसा असतो ते ऐका. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस पातळ, प्रथिनांचा आहार, कारण यकृतावरची चरबी उतरल्याशिवाय जठरापर्यंत दुर्बीण नीट पोचत नाही. मग कृष्णा एक्सप्रेसने सिकंदराबाद. पोटावर पाच छोटी छिद्रं, आणि त्यांतून जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून बाहेर. उरतं ते केळ्यासारखं लांबट. याला स्लीव्ह म्हणतात. घ्रेलिन मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या फुग्यात तयार होतं, तोच या ऑपरेशनमध्ये जातो. म्हणजे जागा कमी होते एवढंच नाही, भुकेची हाकही मंदावते. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या डब्यातून फोडणीचा वास आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो नुसता वास होता.

त्यानंतरचा महिना मी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजला. एका टोपणात वरणाचं निवळ पाणी, घोटघोट, दहा मिनिटं. घाईने प्यायलं की छातीत दगड अडकल्यासारखं व्हायचं आणि उलटी. पुढे पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. पहिली पाव भाकर दुधात कुस्करून खाल्ली, तिला अर्धा तास लागला. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, आणि हे मे महिन्यातल्या भोकरमध्ये. चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके कंगव्यात येऊ लागले. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर, दरवर्षी रक्ताच्या तपासण्या. मावशी, तोंड आवरणं मी टाळलं नाही. आधी मी आवरत होते आणि शरीर उलट दिशेने ओढत होतं, आता आवरते तेव्हा ते माझ्या बाजूने असतं. ऑपरेशनने एवढंच दिलं, आणि एवढंच मला हवं होतं.

“देवाने दिलेला धडधाकट अवयव कापला” हा दुसरा आक्षेप, त्याचं उत्तर मी रागानेच देते. याच मराठवाड्यात बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं इतक्या सर्रास काढली गेली की 2019 मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळी आली की मजुरी बुडते, म्हणून बाईचा अवयव काढलेला गावाला वर्षानुवर्षं चालला. श्वास अडकून मरू नये म्हणून एका बाईने स्वतः ठरवून, तपासण्या करून जठर लहान केलं, तर मात्र देव आठवला. आणि 2011 मध्ये नितीन गडकरींनी, 2014 मध्ये अरुण जेटलींनी वजनाचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा त्यांना कुणी देवाचा हिशोब विचारल्याचं मला तरी आठवत नाही. त्यांनी तब्येतीकडे लक्ष दिलं, आणि मास्तरीण बाईने थेर केले. हे कसं?

माझ्या विमा कंपनीचंही पहिलं उत्तर असंच होतं. हा सौंदर्याचा खर्च आहे म्हणून दावा परत. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2019 च्या अटी मी छापून पाठवल्या. बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा 35 किंवा त्याहून जास्त असून हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, आटोक्यात न येणारा मधुमेह असं काही असेल, डॉक्टरांचा सल्ला असेल आणि साधे उपाय करून झाले असतील, तर लठ्ठपणाच्या नावाखाली हे ऑपरेशन नाकारता येत नाही. दोन महिने पत्रं चालली. बरेचसे पैसे मिळाले. उरलेल्यात दीड एकरातली हळद गेली.

जे टीका करतात त्यांच्याशीच माझं भांडण आहे असं नाही. “एकदा ऑपरेशन करा, कायमचे सडपातळ व्हा” अशा जाहिराती करणाऱ्यांशीही आहे. वर्षभरात मी 126 वरून 86 वर आले, आज 91 आहे. काही वजन परत येतं, काहींना आंबट ढेकर आणि जळजळ मागे लागते, क्वचित टाके गळतात, आणि हजारात एखादा जीवही जातो. हे आधी सांगत नाही तो डॉक्टर नव्हे. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. स्वीडनमध्ये संशोधक 1987 पासून ऑपरेशन झालेल्या दोन हजारांवर लोकांची, तशाच पण ऑपरेशन न झालेल्या लोकांशी तुलना करत आले आहेत. 2007 मध्ये दिसलं की ऑपरेशनवाल्यांत मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी झाले. 2020 मध्ये हिशोब निघाला की आयुष्य सरासरी तीन वर्षांनी वाढलं. तरीही ते सर्वसाधारण लोकांच्या आयुष्याएवढं झालं नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. तीन वर्षं म्हणजे माझ्या मुलीची अकरावी, बारावी आणि त्यापुढचं एक वर्ष.

मला खरी चिंता वेगळीच आहे. ऑपरेशन करून आलेली माणसं गावात सांगत नाहीत. अल्सर होता, पित्ताचे खडे होते असं सांगतात. मग लग्नाच्या पंगतीत वाढपी आग्रहाने ताटात जिलेबी टाकतो, आणि नाही कसं म्हणायचं म्हणून ते खातात, उलट्या करतात, गोळ्या लपवून ठेवतात आणि हळूहळू बंद करतात. तपासणीसाठी दरवेळी हैदराबादला जाणं झेपत नाही, आणि आपल्या गावात विचारायचं तर आधी खरं सांगावं लागतं. बी-12 कमी होऊन पायाला मुंग्या येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात महिन्यातून एक दिवस अशा रुग्णांसाठी ठेवावा, तिथे आहारतज्ज्ञ बसावा, रक्त तपासलं जावं, ही माझी मागणी आहे. पण लपलेल्या रुग्णांसाठी कुणी ओपीडी उघडत नाही. म्हणून मी सांगते. स्टाफरूममध्ये सांगते, पालकसभेत विचारलं तर तिथेही सांगते.

मागच्या महिन्यात दिवेलागणीला हिमायतनगरकडून एक बाई आल्या. बसायला सांगितलं तर दारातच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खुर्ची मोडेल या भीतीने आपण कसं उभं राहतो ते मला माहीत आहे. मी आतून लाकडी बाज ओढून आणली. दुखतं का, खर्च किती, हे त्या विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “ताई, लोकांना काय सांगितलंत तुम्ही?”

“जे झालं तेच सांगितलं.”

मी कपाटातून फाइल काढून त्यांच्या हातात दिली. पहिल्या पानावर मोंढ्यातल्या काट्याची चिठ्ठी अजून चिकटवलेली आहे. त्यांनी तो आकडा वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि चप्पल काढून आत येऊन बाजेवर बसल्या.