कॅन्सरचा मजूर घरी आला, पुढे काय?



बार्शीटाकळीसारख्या तालुक्यात फुप्फुसाचा कॅन्सर बहुतेकदा उशिरा कळतो. खोकला, थुंकीतून रक्त, घटणारे वजन ही टीबीचीही लक्षणे. त्यामुळे अनेकांचे आधी टीबीच्या गोळ्यांत महिने जातात. मग अकोला, नागपूर, शेवटी मुंबईचे टाटा हॉस्पिटल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने ऑपरेशन, केमो, रेडिएशनच्या खर्चाचा मोठा भार उचलला, हे आम्ही मान्य करतो. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी आलेल्या मजुराने जगायचे कसे?

चार पावले चालले की धाप लागते. फवारणीचा पंप पाठीवर पेलत नाही, सोयाबीनचे पोते उचलत नाही. श्वासाचे व्यायाम, हळूहळू वाढवलेले चालणे, सकस आहार, तंबाखू सोडायला मदत आणि मनाला आधार यांनी अशा माणसाचा दम सुधारू शकतो, जगणे सुसह्य होते. यालाच पुनर्वसन म्हणतात. बुडालेली मजुरी आणि हे पुनर्वसन मात्र योजनेच्या हिशेबात येत नाही.

टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळतात. मिळालेच पाहिजेत. पण शेजारच्या घरातल्या कॅन्सरग्रस्ताला तशी योजना नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत कॅन्सर नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तो बसतो, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. म्हणजे अख्ख्या घराची कमाई दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नको! आणि एवढे करून मिळणार महिन्याला १,५०० रुपये.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आजार विम्याची आखणी त्याच काळात झाली आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आज त्या विम्यातल्या कॅन्सरग्रस्त कामगाराला, अटी पूर्ण असतील तर, वेतनाच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. मग आमच्या भूमिहीन शेतमजुराचा, मोलकरणीचा कॅन्सर वेगळा असतो का? संविधानाचे कलम ४१ आजारपणात आणि अपंगत्वात सरकारी साहाय्याच्या हक्काबद्दल बोलते. तिथे कारखान्याचे गेट पास विचारलेले नाही.

वर समाज म्हणतो, "बिडी ओढली, आता भोगा." हा कर्मफळाचाच नवा अवतार आहे. बिडीला कधी हात न लावलेल्या, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायांनाही हा रोग होतो. आणि बिडी ओढणारा माणूसही माणूसच आहे. सोबत्यांनी टाकून दिलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः धुतले, अंथरुणावर ठेवले. त्याची चूक काय, हे आधी विचारले नाही.

म्हणून कामाला लागू या. प्रत्येक विहाराने गावातल्या कॅन्सरग्रस्तांची माहिती ठेवावी. तहसीलला निराधारचा अर्ज भरताना कार्यकर्ता सोबत असावा. उपचाराला जाताना रेल्वेच्या स्लीपर डब्यात रुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्याचे प्रमाणपत्र हॉस्पिटलकडून भरून घ्यावे. अकोला-पूर्णा मार्गावर बार्शीटाकळीचे स्टेशन असून आमच्या माणसाने पूर्ण तिकीट का काढावे?

आणि सरकारकडे तीन मागण्या: निराधारची उत्पन्नमर्यादा वाढवा, कॅन्सरग्रस्तालाही पोषण भत्ता द्या, ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपी आणि समुपदेशन सुरू करा. केरळने २००८ मध्येच गंभीर रुग्णांच्या घरपोच सेवेसाठी धोरण आणून ग्रामपंचायतींना त्यात उतरवले. महाराष्ट्राला कोणी अडवले आहे?

विहारात वर्गणी जरूर काढा. पण वर्गणीने एका घराचा महिना निघतो. हक्क मिळाला तर पुढच्या रुग्णाला हात पसरावा लागणार नाही. ग्रामसभेत हा ठराव मांडणारा पहिला कार्यकर्ता तुमच्या गावचा असू द्या.

जयभीम!