खुब्याचा नवा सांधा: घडण आणि टिकाऊपणा

खुब्याचा सांधा बदलण्याचा सल्ला मिळाला, की घरातील मंडळी शस्त्रवैद्यांकडून येताना बहुधा एक कागद घेऊन येतात. त्यावर तीन-चार प्रकारचे सांधे आणि त्यांच्यापुढे तीन-चार किमती लिहिलेल्या असतात. मुलाला वाटते, आईसाठी सर्वांत महाग तोच घ्यावा. आईला वाटते, या वयात स्वस्तातला पुरे. मग तो कागद आमच्यासारख्या कौटुंबिक डॉक्टरांपुढे येतो. मी शस्त्रवैद्य नाही. परंतु त्या कागदाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे आपल्याला सांगता येईल असे वाटते.

आपला खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. कृत्रिम सांध्यात चार भाग असतात: मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसणारा दांडा, त्यावरील गोळा, कटीच्या हाडात बसवलेली वाटी आणि त्या वाटीचे अस्तर, ज्याला लायनर म्हणतात. यांतील प्रत्येकाचा आकार, धातू, पृष्ठभाग आणि हाडात पक्के बसण्याची रीत म्हणजे त्या सांध्याची घडण. हा तपशील किरकोळ वाटतो, पण वृद्ध माणसाला दहा वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागेल की नाही, हे काही अंशी त्यावरच ठरते.

याचा पहिला धडा इंग्लंडमधील सर जॉन चार्नली यांच्या कामातून मिळाला. राइटिंग्टन येथील रुग्णालयात त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. टेफ्लॉन अतिशय गुळगुळीत, म्हणून त्यावर गोळा सहज फिरेल, हा विचार बिनचूक होता. रुग्ण वेदनामुक्त होऊन चालूही लागले. पण दोन-तीन वर्षांत त्या वाट्या झिजल्या, झिजलेल्या कणांनी आसपास दाह निर्माण केला आणि चार्नली यांना स्वतःच बसवलेले सांधे स्वतःच काढावे लागले. ते कण शरीरात काय करतात हे पाहण्यासाठी त्यांनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेतले होते. पुढे १९६२ मध्ये यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे एक चिवट प्लास्टिक, पॉलिएथिलीन, त्यांच्या प्रयोगशाळेत आले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्याची वाटी प्रथम रुग्णाला बसवली गेली. धातूचा लहान गोळा, पॉलिएथिलीनची वाटी आणि हाडात सिमेंट, ही त्यांची मांडणी आजही मूळ नमुना मानली जाते.

झीज ही या विषयाची गुरुकिल्ली आहे. प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण सुटतात, शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि त्या झटापटीत सांध्याभोवतीचे हाड विरघळू लागते. सांधा मोडत नाही, सैल होतो. चालायला सुरुवात करताना मांडीत किंवा जांघेत कळ येते, ती याचीच खूण असू शकते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अधिक घट्ट बांधणीचे, 'हायली क्रॉसलिंक्ड' पॉलिएथिलीन आले आणि झीज पुष्कळ कमी झाली. माझ्या मते कागदावरील इतर विशेषणांपेक्षा हे एक विशेषण असल्याची खात्री करून घेणे अधिक मोलाचे आहे.

घडणीतील लहानसा बदलही किती महागात पडतो, याचे उदाहरण एक्सेटर येथील दांड्याचे आहे. रॉबिन लिंग आणि क्लाइव्ह ली यांनी १९७० मध्ये तयार केलेला हा दांडा निमुळता आणि आरशासारखा चकचकीत होता. १९७६ च्या सुमारास त्याचा पृष्ठभाग खरखरीत करण्यात आला. खरखरीत वस्तू सिमेंटला अधिक घट्ट धरील, असे कोणालाही वाटेलच. झाले उलटे. खरखरीत दांडे अधिक प्रमाणात सैल झाले. चकचकीत दांडा सिमेंटमध्ये मिलिमीटरभर खाली सरकून पाचरीसारखा आवळला जात होता, तर खरखरीत दांडा सिमेंटवर घासून कण पाडत होता. दहा वर्षांनी पुन्हा चकचकीत पृष्ठभाग आणावा लागला. तोच दांडा आजही जगभर वापरला जातो.

दुसरे उदाहरण आपल्या देशालाही पोळून गेले. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीच्या 'एएसआर' सांध्यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची होती. प्लास्टिक नाही म्हणजे झीज नाही, गोळा मोठा म्हणून निखळण्याची भीती कमी, असा तो तरुण व धडधाकट रुग्णांसाठी आधुनिक पर्याय म्हणून आला. परंतु वाटी उथळ होती. ती किंचित तिरपी बसली तरी भार कडेवर येई आणि कोबाल्ट व क्रोमियम यांचे कण रक्तात आणि भोवतालच्या मांसात उतरत. ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदवहीत पाच वर्षांच्या आतच सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे दिसले. ऑगस्ट २०१० मध्ये हा सांधा जगभरातून परत बोलावण्यात आला. भारतात तो सुमारे ४७०० जणांना बसवला गेला होता आणि चौकशीच्या वेळी त्यांपैकी बहुसंख्यांचा मागच लागला नाही. भरपाईचे सूत्र ठरण्यास २०१८ साल उजाडले.

म्हणून 'अगदी नवे मॉडेल' हे शब्द ऐकले की मला आनंदापेक्षा काळजी अधिक वाटते. मोबाइल नवा घ्यावा. सांधा मात्र असा घ्यावा, ज्याची किमान दहा वर्षांची नोंद कोणत्या तरी देशाच्या नोंदवहीत आहे. स्वीडन, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथे प्रत्येक सांध्याची अशी नोंद ठेवली जाते. चांगल्या सांध्याचे आयुष्य अल्प नसते: २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार खुब्याचे सुमारे ५८ टक्के कृत्रिम सांधे २५ वर्षे टिकतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बहुधा एकच शस्त्रक्रिया जन्मभर पुरते.

सिमेंट हा शब्द ऐकून अनेक घरांत नाराजी उमटते. 'सिमेंटविना' सांधा अधिक आधुनिक, असा समज रूढ आहे. तरुण, भक्कम हाडांत तो उत्तम, कारण हाडच त्याच्या खडबडीत पृष्ठभागात वाढून त्याला धरते. परंतु पडून खुब्याचे हाड मोडलेल्या आजीची हाडे ठिसूळ असतात. तेथे दांडा ठोकून बसवताना किंवा नंतर हाड चिरण्याचा धोका वाढतो. अशा साठीपुढील १२२५ रुग्णांवर इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिमेंट वापरलेल्यांचे आयुष्य अधिक सुसह्य दिसले आणि हाड चिरण्याचे प्रमाण कमी आढळले. सिमेंट भरताना रक्तदाब एकाएकी खाली येऊ शकतो, म्हणून हृदयरोग असल्यास भूलतज्ज्ञांशी आधी बोलून घ्यावे.

गोळ्याच्या आकाराबद्दलही विचारावे. मोठा गोळा निखळण्यास अधिक अंतर लागते, पण त्यासाठी अस्तर पातळ करावे लागते. म्हणून ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा मध्यममार्ग सध्या सर्वत्र दिसतो. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालणे, पाटावर बसणे, भारतीय शौचालय वापरणे हे प्रश्न खरे आहेत. देवपूजेला खाली बसता येईल का, हे विचारण्यात संकोच कसला? त्यावरून शस्त्रवैद्य 'ड्युअल मोबिलिटी', म्हणजे गोळ्यात गोळा असलेल्या रचनेचा विचार करतील. सत्तरच्या दशकात फ्रान्समध्ये निघालेल्या या रचनेत निखळण्याचा धोका कमी असतो. कंपवात किंवा विस्मरण असलेल्या वृद्धांसाठीही ती उपयोगी ठरते, कारण 'पाय दुमडू नका' ही सूचना त्यांच्या ध्यानात राहत नाही.

सिरॅमिकच्या गोळ्याने झीज कमी होते, पण ऐंशीच्या घरातील व्यक्तीला त्याचा लाभ मिळण्याइतका काळ क्वचितच मिळतो. तेथे तो पैसा नंतरच्या फिजिओथेरपीसाठी आणि घरातील आधाराच्या दांड्यांसाठी ठेवावा, असे मी सुचवीन. आणि हेही खरे, की उत्तम सांधा वाकडा बसवला तर तो साध्या सांध्यापेक्षा वाईट ठरतो. आपले शस्त्रवैद्य कोणता सांधा वर्षानुवर्षे बसवतात आणि वर्षाला किती शस्त्रक्रिया करतात, हे नम्रपणे विचारावे. ज्यावर त्यांचा हात बसला आहे, तोच सामान्यतः आपल्यासाठी योग्य.

शस्त्रक्रिया झाल्यावर सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यावरील स्टिकर, ज्यावर कंपनी, मॉडेल आणि लॉट क्रमांक असतो, डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागून घ्यावे. त्याची एक छायाप्रत घरातील दोघांकडे ठेवावी. २०१० पूर्वी मोठ्या गोळ्याचा सांधा बसवला असेल आणि तो कोणत्या प्रकारचा हे आठवत नसेल, तर जुने कागद शोधून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावेत. धातूवर धातू असल्यास दुखत नसले तरी एक्स-रे आणि रक्तातील कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी करून घ्यावी लागते.