चाकूवरचा आळ

‘गाठीला चाकू लागला की कॅन्सर खवळतो.’ अंबाजोगाईत वैद्यकीय महाविद्यालय येऊन पन्नास वर्षं झाली, तरी आसपासच्या खेड्यांत हे छातीठोकपणे सांगितलं जातं. पुरावाही हजर असतो : अमक्याच्या सुनेच्या छातीचं ऑपरेशन झालं अन् दोन वर्षांत हाडांत उतरला.

उतरला, हे खरं. पण अशा वेळी काही पेशी बहुधा ऑपरेशनच्या आधीच रक्तातून निघून गेलेल्या असतात. त्या पुढे डोकं वर काढतात आणि आळ चाकूवर येतो. गाठ तशीच ठेवली असती, तर त्यांत रोज भरच पडली असती.

ऑपरेशनच्या हाताळणीने काही पेशी सुटत असतील का, हा प्रश्न टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी झटकून टाकला नाही. पेशी सुटू नयेत म्हणून गाठ काढण्याआधी तिच्याभोवती लिडोकेन, म्हणजे भुलीचं साधं औषध, टोचून त्यांनी पाहिलं. १,६०० स्त्रियांचा हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षं आजाराविना राहिलेल्यांचं प्रमाण इंजेक्शनने ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेलं. खर्च शंभर रुपयांच्या आत. आणि इंजेक्शनाविना चाकू लागलेल्यांतही शंभरातल्या ब्याऐंशी जणी ठणठणीत होत्या, हे चाकूला भिणाऱ्यांनी नीट वाचावं.

‘गाठ निघाली, आता सुटलो’ हा समजही तितकाच घातक. हार्मोनवर वाढणारा स्तनाचा कॅन्सर पंधरा वर्षांनीही उलटतो. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत, काखेतल्या गाठी स्वच्छ, पाच वर्षं गोळ्या घेतलेल्या. अशांतही वीस वर्षांत शंभरातल्या तेरा जणींच्या शरीरात तो दूरवर पसरला. म्हणून या प्रकारात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी रोज, निदान पाच वर्षं हवीच. तिने या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. स्तन राखून गाठ काढली असेल, तर शेकही, म्हणजे किरणोपचार, चुकवू नये : दहा वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण त्याने शंभरात पस्तीसवरून एकोणीसवर येतं.

आपल्या जिल्ह्यात ही गोळी तुटते ती दिवाळीनंतर. टोळी कर्नाटकात नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला निघते. पीठमीठ, भांडी, कोयते गाडीत चढतात, गोळ्यांचं पाकीट फळीवर राहतं. दुखत काहीच नसतं, मग आठवण कोण करणार?

डॉक्टरांना विनंती आहे, अशा बाईला हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या एकदमच द्या. आणि घरच्यांनो, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयातल्या तपासणीची तारीख मुकादमाकडून उचल घेतानाच त्याला सांगून ठेवा.